कोऱ्या कागदावर पहिली सही तुमची

अण्णा, तुम्हाला उचललं तेव्हा गल्लीतले माग चालू होते.

हे आधी सांगून टाकते, कारण तुमच्याबद्दल लिहायला बसल्यापासून दुसरं काही डोक्यात शिरतच नाहीये. वडगावच्या तुमच्या गल्लीची रीत तुम्हीच मला सांगितली होती. कुणाच्या घरी मयत झालं की बातमी पोचेल तसा एकेक माग थांबतो, आणि माणूस गल्लीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत कुणी धोट्याला हात लावत नाही. मग तो कितीही भांडकुदळ असो, कुणाशी त्याचा अबोला असो. त्या दिवशी हातमाग थांबले, सात-आठ घरचे. परशरामच्या शेडमधले पावरलूम मात्र खडखडत राहिले, आणि त्याचं बघून पुढच्या दोन शेडमधलेही. तुमची लेक सुरेखा निपाणीहून आली होती. पायरीवर बसून रडत होती आणि तिचं रडणं त्या आवाजात ऐकूसुद्धा येत नव्हतं. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. वाटलं, जावं आणि परशरामच्या शेडचं मेन स्विच खाली ओढावं. गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

बेइमान माणसासाठी माग कशाला थांबवायचा, असं परशरामचं म्हणणं. दोन वर्षं तो हे उघड बोलत होता. गल्लीनं गटार मागितलं, अण्णानं सह्या गोळा केल्या आणि गल्लीच्या तोंडावर खोली आणून बसवली. वर काय खाल्लं ते त्याचं त्याला ठाऊक. अहो, तुम्ही कुणाचा फुकटचा चहासुद्धा प्यायला नव्हता. आणि ज्या कागदानं तुम्ही बेइमान ठरलात तो कोरा कागद पुढं करायला मी सांगितलं होतं. मी, टिळकवाडीच्या बाईंनी. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला. गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, आणि तुम्ही गेलात तोवर मी ते माहीत होऊ दिलं नाही.

मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी ते काम आलं. मराठी शाळेत आयुष्यभर कन्नड शिकवलेली बाई. घरात मराठी आणि फळ्यावर कन्नड, असं माणूस बेंगळूरच्या त्या संस्थेला हवंच होतं. कुठल्याशा परदेशी फंडातून त्यांना अनुदान मिळालं होतं. वॉर्डात काय व्हावं हे लोकांनी एकत्र बसून ठरवायचं, त्याचा ठराव करायचा, आणि ज्या वस्तीचा ठराव सह्यांसकट मुदतीत पोचेल तिथं संस्था आपल्या निधीतून एक काम करून देणार. मला मानधन मिळालं, एक कापडी पिशवी मिळाली आणि संस्थेचं नाव छापलेली पाण्याची बाटली मिळाली. मी हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू. घरी बसून शेंगा सोलण्यापेक्षा बरं, आणि वर लोकशाहीची सेवा!

शहापूरच्या एका साडीच्या दुकानदारानं सांगितलं, वडगावात शिरायचं तर आधी अण्णांना भेटा. मी आले तेव्हा तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. जमिनीच्या वर दिसत होता तो कमरेपासूनचा माणूस. "बसा की ओ बाई," म्हणालात. मी खुर्ची शोधायला लागले. खुर्ची नव्हतीच. शेवटी जमिनीवर बसले, आणि तेव्हा कुठं आपली डोकी एका उंचीवर आली. मी दहा मिनिटं सहभाग, सबलीकरण असलं काय काय बोलत राहिले. तुमचा हात थांबला नाही. माझं संपल्यावर तुम्ही विचारलंत,

"म्हंजे आमाला इचारनार?"

"हो."

"आनि आमी सांगू ते करनार?"

"हो," मी म्हणाले. कर्म माझं, किती सहज म्हणाले.

तुम्ही हसलात. "आजपातुर आमाला कुनी इचारलं न्हाय बाई. इलेक्शनला येत्यात, त्ये सांगाय येत्यात. इचाराय कोन येतंय? इचारलं ह्येच लई झालं."

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. मी म्हटलं, नुसतं विचारून काय होतंय, कागद लागतो. तुम्ही म्हणालात, मानसं जमली की काम हुतंय. मी म्हणायची, कागद पोचला की काम होतं. तुमचा भरवसा माणसांवर, माझा कागदावर. दर वेळी चहाला बसलो की हेच. वहिनी आतून ओरडायच्या, "झालं काय सुरू तुमचं दोगांचं?" तेव्हा मला तो वाद लई आवडायचा. शाळेत माझ्याशी कुणी वाद घालायचं नाही, सगळी माना डोलवायची.

पहिल्या बैठकीला संस्थेच्या मॅडम स्वतः आल्या होत्या, तीन रंगांच्या चिकटवायच्या चिठ्ठ्या घेऊन. तातडीची मागणी गुलाबी चिठ्ठीवर, मधली पिवळ्यावर, नंतर चालेल ती हिरव्यावर. साड्या विणणाऱ्या बायकांच्या हातात रंग दिले! अर्ध्या तासानं बघते तर भिंतीवर चिठ्ठ्या फिक्याकडून गडदाकडं अशा सुरेख ओळीनं लागलेल्या, आणि लिहिलेलं एकीवरही काही नाही. वहिनी एक गुलाबी चिठ्ठी उजेडात धरून म्हणत होत्या, "ह्यो काय राणी कलर न्हवं. ह्यो धा धुन्याचा गुलाबी हाय, उडालेला." मॅडमनी फोटो काढला. अहवालात तो फोटो 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग' म्हणून छापून आला. तो मी तुम्हाला आणून दाखवला तेव्हा तुम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला होता. आता तो फोटो माझ्याकडं आहे आणि मला हसू येत नाही.

मॅडम गेल्यावर तुम्ही म्हणालात, "बाई, त्या चिट्ट्या ऱ्हाऊ द्यात. आपन येकच इचारू." आणि तुम्ही एकेकाला विचारत गेलात: तुज्या दारात काय आडतंय? बस, एवढंच. कुणी लगेच बोलेना, तर तुम्ही बसून राहायचात. मला तर दोन मिनिटं शांतता सोसत नाही, मी उत्तर सुचवायला जायची. तुम्ही हातानं मला गप्प करायचात. मग ती कोपऱ्यातली बाई, जी जन्मात चार माणसांत बोलली नव्हती, ती बोलायची. तीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारत आले, पण थांबायला मी तुमच्याकडून शिकले, अण्णा. हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. जिवंतपणी चांगलं सांगायचं राहतं आणि वाईट लपवायचं तेवढं बरोबर जमतं.

सगळ्यांच्या दारात एकच अडत होतं. मागचं गटार. पावसात ते तुंबायचं आणि पाणी थेट मागाच्या खड्ड्यात चढायचं. ताणा भिजायचा, लाकूड फुगायचं, माग आठ-आठ दिवस उभा. हातमागवाल्यांचं ते मरण होतं. पावरलूमवाल्यांनाही त्रास होताच. गल्लीत इतर वेळी कशावरही एकमत व्हायचं नाही, पण गटारावर परशराम आणि तुम्ही एका आवाजात बोललात.

बैठका घ्यायच्या अमावास्येला, कारण महिन्यात तेवढा एकच दिवस गल्लीत माग बंद आणि माणसाला माणसाचं ऐकू येतं. मॅडम फोनवर तारीख विचारायच्या आणि तुम्ही विचारायचात, "आवस कवा हाय?" ठरावाची बैठकही तशीच झाली. झाडून सगळी माणसं आली होती. मारुतीच्या देवळापुढं बसायला जागा नव्हती. ठराव ठरला, मी सह्यांसाठी कागद काढला, आणि तुम्ही त्यावर पंजा ठेवलात.

"आज न्हाय बाई. आवसंला कुनी सही करत न्हाय. उद्या."

"अहो अण्णा, उद्या शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी पाचला कागद द्यायचेत."

"मग उद्याच की. हाय काय त्येच्यात."

दुसऱ्या दिवशी माग सुरू. चालू मागावरून उठून सही करायला कोण येणार? म्हणून आपण दारोदार निघालो. माझ्याजवळ कन्नडमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेला दोन पानी ठराव. पहिल्या घरात विचारलं, ह्यात काय लिवलंय? मी त्या खडखडाटात ओरडून मराठीत वाचून दाखवला. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या शेडमध्ये परशराम. त्यानं कागद बघितला आणि परत दिला. "कानडी कागदावर म्या सही करत न्हाय. आमच्या बानं बजावून ठेवलंय." आता यात नवल काय? सगळ्या सीमाभागाला हे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. जे वाचता येत नाही त्यावर सही करायची नाही. घरोघरी कुणातरी काकाची जमीन अशा सहीनं गेल्याची गोष्ट असते. मी स्वतः त्याच पाण्यात वाढले. पण दुपारचे दोन वाजले होते, घसा बसला होता, आणि मला तो कागद पोचवायचा होता.

मी तुम्हाला बाहेर घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, कोऱ्यावर घ्या सह्या. मजकूर मी नंतर वर छापून घेते."

"कोऱ्यावर?"

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

हे वाक्य! वर्गात चाळीस पोरांना गप्प करायला वापरलेलं वाक्य मी तुमच्यावर वापरलं. तुम्ही "तसं न्हवं ओ" म्हणालात, खिशातलं पेन काढलंत आणि पहिली सही स्वतः केलीत, एकेक अक्षर कोरल्यासारखं. मग काय, तुमची सही बघून गल्ली भराभरा सह्या करत गेली. परशरामनंही केली. म्हणाला, "अण्णानं केलीया न्हवं? मग झालं." न वाचता येणाऱ्या कागदावर सही न करणारी ती सगळी माणसं, ज्यावर काहीच लिहिलेलं नाही अशा कागदावर सह्या करून मोकळी झाली. मला तेव्हा त्याची गंमत वाटली. रात्री जेवताना घरी मी हे हसत हसत सांगितलंसुद्धा.

पाचाच्या आत मी कागद संस्थेच्या कचेरीत दिले. मॅडम म्हणाल्या, ठेवून जा, आमच्या नमुन्यात आम्हीच वर छापतो. माझा दोन पानी ठराव मी त्याला टाचणी लावून जोडला आणि निघाले. इतकंच केलं, अण्णा. कुणाचे पैसे घेतले नाहीत, कुणाला फसवायचं मनात नव्हतं. दमले होते, घरी जायचं होतं.

पंधरा दिवसांनी छापलेली प्रत हातात आली. ती मी तिथंच उभ्यानं वाचली. आम्ही खाली सह्या करणारे नागरिक एकमतानं मागणी करतो की गल्लीच्या तोंडावर 'नागरिक संवाद कक्ष' बांधण्यात यावा. मी पानं उलटली. शेवटी जोडपत्रात 'इतर सूचना' होत्या, त्यात 'गटार दुरुस्ती'. दोन शब्द.

मॅडम काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. हा निधी लोकांच्या सहभागासाठी आहे, गटारासाठी खर्च केला तर वरून हरकत येईल. पण कक्ष झाला की लोक तिथं येऊन गटाराची तक्रार नोंदवू शकतील. म्हणजे लोकांना विचारायला आलेला पैसा फक्त विचारण्यावरच खर्चायचा! लोकांनी काय सांगितलं त्याच्याशी त्या पैशाला देणंघेणं नाही. मी म्हटलं, पण हे कुणी मागितलंच नाही हो. त्या म्हणाल्या, "सह्या आहेत ना." होत्या. सगळ्यात वर तुमची.

तिथं मी आकाशपाताळ एक करायला हवं होतं. शाईचा डाग पडला तर वर्ग डोक्यावर घेणारी मी. पण त्याच टेबलावर माझ्या पुढच्या वर्षाच्या कामाचं पत्र ठेवलेलं होतं. पेन्शनीत भागत नव्हतं अशातला भाग नाही. मला ते काम हवं होतं, ती पिशवी खांद्याला लावून बाहेर पडणं हवं होतं, टिळकवाडीत लोकांनी "बाई अजून किती करतात" म्हणणं हवं होतं. मी ते पत्र घेतलं, चष्मा पुसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग सही केली. माझा कागद मी वाचला, अण्णा.

आणि तुमच्याकडं येऊन मी काय सांगितलं? "गटार जोडपत्रात आहे."

"जोडपत्र म्हंजे?"

"म्हणजे पुढच्या टप्प्यात होईल." डोंबल होणार होतं.

खोली झाली. गल्लीच्या तोंडावर दुसरी जागाच नव्हती, म्हणून गटाराचं तोंड जिथं उघडतं त्याच्यावर स्लॅब टाकून ती उभी केली. काचेचं दार, भिंतीवर टीव्हीसारखा पडदा, चार खुर्च्या. पडद्यावर बोट लावलं की विचारतो, आपली सूचना काय आहे, कन्नड किंवा इंग्रजी. त्या पावसाळ्यात जे पाणी थोडंफार तरी वाहून जायचं ते खोलीच्या पायाला अडलं आणि मागं फिरलं. तुमच्या खड्ड्यात मांडीइतकं पाणी होतं. वहिनी आणि तुम्ही घागरींनी उपसत होता आणि मागावर अर्धी झालेली साडी काठापासून भिजत वर चालली होती. मी दारात उभी राहून बघितलं. काही आत आणून देऊ का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "नगं, तुमची चप्पल भिजंल."

गल्लीनं मग हिशेब मांडला तो सरळ होता. सह्या कुणी घेतल्या? अण्णानं. पहिली सही कुणाची? अण्णाची. लग्नाच्या याद्या करायला, मजुरीवरून दुकानदाराशी वाजलं तर मध्ये पडायला, भावाभावांत भिंत घालायची तर दोरी धरायला ज्या माणसाला बोलवायचे, त्याला कुणी काही विचारायचं बंद केलं. एका अमावास्येला तुम्ही न बोलावता देवळापुढं जाऊन बसलात, तर एकेक माणूस काम आठवल्यासारखं करून उठला. हे मला वहिनींनी सांगितलं, तुम्ही नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला कुणी विचारलं म्हणून हरखलेला माणूस तुम्ही. त्या विचारण्यानंच तुमचं विचारलं जाणं कायमचं बंद झालं.

एकदाच तुम्ही टिळकवाडीला आलात. दुपारची वेळ होती. आत या म्हटलं तरी व्हरांड्याच्या कडेला टेकलात. पाणी प्यालात. मग म्हणालात,

"बाई, एकदा गल्लीत या की ओ. कोऱ्या कागदाचं तुमी म्हनला हुता, येवढंच चार मानसांत सांगा. बाकी काय न्हाय. म्या सांगिटलं तर म्हनतील, बाईमानसाच्या मागं लपतोय."

मी म्हणाले, "येते अण्णा. एवढी ह्या कामाची मुदत संपू दे. मध्येच काही बोलले तर पुढचं सगळंच अडेल. गटाराचंही."

गटाराचंही! त्या गटाराचं नाव घ्यायला मला लाज वाटली नाही.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हाला कळलं होतं, अण्णा. त्या कोपऱ्यातल्या बाईचं न बोललेलं कळायचं, तर माझं काय कळलं नसेल? "बरं," म्हणालात. उठलात. फाटकाशी थांबून माझ्या जास्वंदीकडं बघून म्हणालात, "लई फुललीया. खाली पानी साचू दिऊ नगा, मुळं कुजत्यात." आणि गेलात. परत कधी विषय काढला नाहीत. बाजारात भेटलात की तेच हसू आणि "बरं हाय न्हवं बाई?" त्यापेक्षा तुम्ही मला भर बाजारात चार शिव्या घातल्या असत्या तर मी तुमच्या पाया पडले असते. तुमच्या त्या चांगुलपणाचा मला राग येतो. आजही येतो. तुम्ही एकदा ओरडला असता तर मला बोलावंच लागलं असतं.

माझी मुदत एकदा संपली, वाढली, परत संपली. तुमची छाती भरली, दवाखाना झाला. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी भेटायला गेले नाही, आणि मग त्या दुकानदाराचा फोन आला.

तेराव्यानंतर मी वहिनींकडं गेले. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "मला काय सांगालायसा? मला ठावं हाय. त्येनी त्याच दिशी सांगिटलंतं." थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "हयात हुते तवा सांगायचं हुतं. आता सांगायचंच आसंल तर भाईर जाऊन सांगा. तितं बसल्यात बगा सगळी."

संध्याकाळ होती. परशरामच्या शेडपुढं दहा-बारा माणसं, पाच-सहा बायका. वहिनी आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी सांगितलं, अण्णा. उभी राहून, मोठ्यानं, शाळेतल्या आवाजात. कोरा कागद मी म्हटलं होतं. अण्णा कचरत होते. छापलेला मजकूर मला पंधरा दिवसांत कळला होता आणि मी गप्प राहिले. अण्णांनी येऊन विनवलं तरी गप्प राहिले. मला वाटलं, आता तुटून पडतील. पडू देत, म्हटलं. त्यासाठीच आले होते.

परशरामनं तोंडातलं पान थुंकलं आणि म्हणाला, "जाऊ द्या बाई. चूक मानसाकडनंच हुतीया. तुमी काय मुद्दाम केलाय व्हय?"

"शिकल्या-सवरल्या बाईंनी येऊन कबूल केलं, हेच लई," दुसरा कुणीतरी म्हणाला. कुणाच्या तरी सुनेनं प्लास्टिकची खुर्ची आणली आणि पदरानं पुसली. मला खांद्याला धरून बसवलं. चहा आला.

"आनि अण्णा?" मी विचारलं.

"अण्णा तसा चांगलाच हुता ओ," परशराम म्हणाला. "खरं, जरा भोळा. कोऱ्या कागदावर कोन सही करतंय?" सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांनी स्वतः सह्या केल्या होत्या, हे त्यांच्यापैकी एकालाही आठवलं नाही. मी ओरडून सांगायला तोंड उघडलं तोवर परशरामनं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "बरं झालं आलासा ते. संस्थेकडनं परत पत्र आलंय, नवा फंड सुटलाय म्हन. कानडीत हाय. येवढं वाचून दावा की, आनि अर्ज तुमीच लिवा. तुमच्याबिगर आमाला कोन हाय?"

सवयीनं मी चष्मा लावला, अण्णा. पहिली ओळ वाचूनही दाखवली. मग समोर बघितलं तर वहिनी दारात नव्हत्या. दार लावून घेतलेलं होतं.

दोन वर्षं तुम्ही बेइमान होता. माझ्या बोलण्यानं तुम्ही भोळे झालात, एवढंच. आणि मी? मी चहा निवायच्या आत सुटले. त्यांना माझं अक्षर लागतं. तुमच्याजवळ त्यांना लागेल असं काही उरलं नव्हतं. सगळ्या गल्लीनं मला माफ केलंय, अण्णा. तुम्ही करू नका.